मुका मार: दीर्घकाळ आजारी मुलांच्या भावंडांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पडून गुडघा फुटला, रक्त आलं की घरातले सगळे धावतात. मुका मार लागला तर वर काही दिसत नाही. दोन दिवसांनी मूल लंगडायला लागतं तेव्हा कुणाच्या तरी लक्षात येतं. ज्या घरात एक मूल वर्षानुवर्षं आजारी असतं, त्या घरातल्या दुसऱ्या मुलाला बसणारा मार बहुतेकदा असा मुका असतो.

मी अशा कुटुंबांबरोबर समुपदेशनाचं काम करते. लहानपणी मी स्वतः अशाच घरातली 'दुसरी' होते. खालचे बहुतेक प्रश्न आईबाबांचे आहेत, काही आजीआजोबांचे, आणि एक एका मुलीचा. काही उत्तरं दोन ओळींत संपतात, काहींना वेळ लागतो.

आजारी एक मूल आहे, दुसरं ठणठणीत आहे. मग त्या दुसऱ्यासाठी वेगळं काही करायची खरंच गरज आहे का?

आहे, पण धसका घेण्याइतकी नाही. २००२ मध्ये शार्प आणि रॉसिटर या संशोधकांनी आधी झालेले ५१ अभ्यास एकत्र तपासले. आजारी मुलांच्या भावंडांवर ताणाचा परिणाम दिसतो, मात्र सरासरीने तो फार मोठा नसतो, असं त्यातून निघालं. २०१२ मध्ये ५२ अभ्यासांचा आणखी एक आढावा आला. त्यातही त्रास दिसला, आणि तो दंगा, मारामारी यापेक्षा चिंता, उदासी, आतल्या आत कुढणं अशा रूपात जास्त दिसला. ज्या आजारात जिवाला धोका असतो किंवा घराचा सगळा दिवसच आजाराभोवती फिरतो, तिथे तो अधिक होता.

म्हणजे बहुतेक मुलं तरून जातात. ज्यांना जड जातं, ती मात्र आवाज करत नाहीत, आणि आधीच दमलेल्या घरात आवाज न करणाऱ्याकडे कोण बघणार? लहान मुलांच्या कर्करोगावरच्या उपचारांत कुटुंबाला मानसिक आधार कसा द्यावा याची मानकं २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा भावंडांना आधार देणं हे त्यात एक स्वतंत्र मानक म्हणून घातलं गेलं. कर्करोगाबाबत जे खरं, ते टाइप १ मधुमेह, थॅलेसेमिया (रक्ताचा आनुवंशिक आजार), अपस्मार (फिट येणं), जन्मजात हृदयविकार, मूत्रपिंडाचे आजार यांनाही लागू आहे, असं माझं मत आहे.

आमची मोठी इतकी समजूतदार आहे की काहीच मागत नाही. तिचीही काळजी करायची?

सगळ्यात आधी तिचीच. तुम्हाला हे उत्तर आवडणार नाही याची कल्पना आहे, कारण तिचा समजूतदारपणा हा तुमचा एकमेव विसावा असतो.

मला तिसरीत फळ्यावरचं दिसेनासं झालं. शेजारच्या मुलीच्या वहीत बघून मी वर्षभर उतरवून घेतलं. घरी सांगितलं नाही, कारण घरात आधीच एक डॉक्टर चालू होता, दुसरा कशाला? चौथीच्या बाईंनी घरी चिठ्ठी पाठवली तेव्हा आई रडली. मला वाटलं, चष्मा लागून मी तिला रडवलं. 'किती शहाणं बाळ आहे, कधी त्रास देत नाही' हे वाक्य मी रोज ऐकत होते, आणि त्रास न देणं हीच या घरातली माझी जागा आहे, असं मनाशी पक्कं धरून बसले होते.

इंग्रजी बोलणारे लोक अशा भावंडांना 'ग्लास चाइल्ड' म्हणतात. काचेसारखं नाजूक असा त्याचा अर्थ नाही. काच आरपार दिसते, तसं बघणाऱ्याची नजर या मुलातून पार होऊन पलीकडच्या आजारी मुलावर जाते.

तेव्हा कौतुक करा, पण गरजा गिळल्याचं नको. 'तू काही मागत नाहीस म्हणून किती बरं' याऐवजी 'तू आज मागितलंस ते बरं केलंस' हे तिला ऐकू येऊ दे. आणि 'तुला काही हवंय का?' असं विचारू नका. उत्तर 'नाही' येणार हे ठरलेलं आहे. 'या आठवड्यात तुला सगळ्यात कंटाळवाणं काय वाटलं?' असं विचारा. तक्रार करायला वाट मिळाली की ती हळूहळू त्या वाटेने यायला लागते.

कोणत्या वयाला किती सांगायचं?

वय कुठलंही असो, मुलाच्या मनात तीन प्रश्न असतात आणि ते बहुधा तोंडातून येत नाहीत: हे माझ्यामुळे झालं का? मलाही होईल का? माझ्याकडे आता कोण बघणार? सांगण्याची भाषा वयानुसार बदला, पण या तिन्हींची उत्तरं न विचारताच द्या.

दोन-तीन वर्षांच्या मुलाला आजार कळत नाही. आई रात्री घरात नाही, हे कळतं. त्याला माहितीपेक्षा ओळखीचा हात आणि ओळखीच्या झोपायच्या वेळा हव्यात.

तीन ते सहा-सात हे वय सगळ्यात फसवं. या वयात मनात आलं म्हणजे ते घडतं असं मुलाला वाटतं. 'मी त्याला ढकललं होतं', 'मी म्हटलं होतं की तू जा', आणि मग तो खरंच दवाखान्यात गेला! मूल हे कोणाला सांगत नाही. गुन्हेगार कबुली द्यायला स्वतःहून येत नाही, तसंच. म्हणून आपणच सांगायचं: 'कुणी ढकलल्याने, रागावल्याने, काही बोलल्याने हा आजार होत नाही. तू काहीही केलेलं नाहीस.' एकदा सांगून भागत नाही. दर काही महिन्यांनी, सहज.

शाळकरी मुलांना यंत्रणा समजून घ्यायला आवडतं. स्वादुपिंड इन्सुलिन बनवायचं थांबलं म्हणून ते बाहेरून द्यावं लागतं, हे आठ वर्षांच्या मुलाला नीट कळतं. गोड जास्त खाल्ल्यामुळे टाइप १ मधुमेह होत नाही, हेही त्याला सांगा, कारण वर्गात कोणीतरी तसं म्हणणारच. आजाराचं खरं नाव सांगा. 'पोटात बाऊ झालाय' असं म्हटलं की पुढच्या वेळी स्वतःचं पोट दुखल्यावर मूल रात्रभर जागतं.

किशोरवयीन मुलं तुम्ही सांगायच्या आत मोबाइलवर शोधून मोकळी झालेली असतात, आणि बहुतेक वेळा सगळ्यात भीषण तेच वाचलेलं असतं. तिथे सुरुवात 'तू काय वाचलंस?' इथून करावी.

'मलाही होईल का?' याचं उत्तर आजारावर अवलंबून आहे. संसर्गजन्य नसेल तर तसं ठाम सांगा. आनुवंशिक असेल तर खोटं बोलू नका. थॅलेसेमियात आईबाबा दोघेही वाहक असतील, म्हणजे स्वतः आजारी नसले तरी आजाराचं जनुक दोघांतही असेल, तर प्रत्येक गरोदरपणात मुलाला आजार असण्याची शक्यता २५ टक्के, नुसतं वाहक असण्याची ५० टक्के असते. मोठ्या भावंडाला हे डॉक्टरांसमोर बसवून समजावता येतं, तपासणीही करून घेता येते.

'दादा मरणार का?' असं धाकट्याने विचारलं. मी 'गप्प बस, असं बोलू नये' म्हणाले. चुकलं का?

कुणाच्याही तोंडून हेच निघालं असतं. पण मुलाने त्यातून एवढंच घेतलं की हा प्रश्न आईला विचारायचा नाही. परत जा त्याच्याकडे. 'तू परवा विचारलंस ना, मला तेव्हा भीती वाटली म्हणून मी ओरडले' असं म्हणून सुरू करा.

धोका नसेल तर 'या आजाराने तो मरणार नाही, पण औषध रोज घ्यावं लागेल' हे स्पष्ट सांगा. धोका असेल तर खात्री देऊ नका. 'आजार मोठा आहे. डॉक्टर सगळे उपाय करतायत. आत्ता, आज, तो मरत नाहीये. काही बदललं तर मी तुला सांगेन, तुझ्यापासून लपवणार नाही.' या शेवटच्या वाक्यावर मूल झोपू शकतं. ते वाक्य मग पाळावंही लागतं.

धाकटीचं पोट सारखं दुखतं. तपासण्या सगळ्या ठीक. ती नाटक करतेय का?

नाटक म्हणू नका. पोट दुखतं ते खरंच दुखतं. ताणाने लहान मुलांचं पोट आणि डोकं खरोखर दुखतं. तुम्ही तपासून घेतलंत हे योग्यच केलंत. 'ताण असेल' असं घरीच ठरवून टाकणं ही दुसऱ्या टोकाची चूक, आणि आजारी भावंड असलेल्या घरात तीही होते: एकाच्या प्रत्येक शिंकेला डॉक्टर, दुसऱ्याच्या तापाला 'झोप, बरं वाटेल'.

या घरात प्रेम दवाखान्याच्या वाटेने येतं, असं तिने बघितलंय. तापलेल्या कपाळावर हात ठेवला जातो, एरवी नाही. तर एरवी ठेवा. दुखत नसताना तिच्याजवळ बसा. आणि दुखेल तेव्हा शांतपणे दखल घ्या, शेकायला द्या, पण शाळा बुडवणं हे त्या दुखण्याचं बक्षीस होऊ देऊ नका.

'तो नसता तर बरं झालं असतं' असं मुलगा म्हणाला. मी हादरलो.

आणि तो तुमच्याहून जास्त हादरलाय. राग येतो, त्याच क्षणी रागाची लाज वाटते, लाजेतून आणखी राग. हे चाक मुलाला एकट्याने थांबवता येत नाही.

त्याला हवं असतं ते बहुधा एवढंच की आजार नसता तर बरं झालं असतं. हा फरक त्याच्या हातात द्या: 'आजाराचा मलाही राग येतो. मलाही कधीकधी सगळं सोडून पळून जावंसं वाटतं.' वडिलांच्या तोंडून हे ऐकणं मुलाला किती मोकळं करतं, ते मी अनेकदा पाहिलंय. एक नियम पुरे: राग बोलून दाखवायला परवानगी आहे, मारायला आणि आजारावरून चिडवायला नाही. 'तुझं नशीब चांगलं की तू धडधाकट आहेस, त्याचा विचार कर' हे वाक्य मात्र घरातून हद्दपार करा. त्या वाक्यानंतर मूल पुन्हा कधी खरं बोलत नाही.

वेळ द्या म्हणणं सोपं आहे. तो आणायचा कुठून?

बरोबर आहे. इंजेक्शनं, तपासण्या, नोकरी, झोप नाही, आणि वर तज्ज्ञ सांगतात 'क्वालिटी टाइम'. मलाही ते ऐकून चीड येते.

तास नको आहेत. दहा-पंधरा मिनिटं पुरतात, पण ती ठरलेली हवीत. कधीतरी मिळणाऱ्या सबंध दिवसापेक्षा मंगळवार-शुक्रवारची पंधरा मिनिटं मुलाला जास्त पुरतात, कारण त्यांची वाट बघता येते. त्या वेळात काय करायचं ते मुलाने ठरवायचं. फोन दुसऱ्या खोलीत. आजारी भावंडाचा विषय आपण काढायचा नाही, मुलाने काढला तर ऐकायचा. सल्ला, अभ्यासाची चौकशी, 'केस किती वाढलेत' हेही नाही. नुसतं बसून त्याच्या खेळात दुय्यम भूमिका करायची.

आणीबाणी आली आणि वेळ मोडली तर? मोडणारच. 'आज जमलं नाही, उद्या संध्याकाळी नक्की' असं लगेच सांगा आणि उद्या ते करा. मुलं मोडलेला शब्द माफ करतात. कुणाच्या लक्षातच नाही की तो मोडला, हे त्यांना लागतं.

दोघं पालक असाल तर कामं अदलाबदल करून बघा. बऱ्याच घरांत एक जण कायमचा आजारी मुलाचा होतो आणि दुसरा बाकी सगळ्याचा. मग दुसऱ्या मुलाला आई असून नसते.

अचानक भरती करावं लागतं. तेव्हा घरी राहिलेल्याचं काय?

योजना आधी, शांत दिवशी, त्याच्यासमोर करून ठेवा. रात्री कोण येणार, शाळेत कोण सोडणार, त्याचं दप्तर कुठे, कोणाच्या घरी झोपायचं. शक्यतो तोच माणूस, तेच घर. दर वेळी नव्या नातेवाइकाकडे पाठवलेलं मूल सामानासारखं वागायला लागतं. तो झोपेत असताना निघावं लागलं तर उशीजवळ तुमच्या अक्षरातली चिठ्ठी ठेवा. वाचता येत नसेल तर चित्र. सकाळी उठून रिकामा बिछाना पाहणं, हा अशा मुलांचा मोठेपणीही न जाणारा धसका आहे. दिवसातून एकदा, ठरल्या वेळी फोन करा आणि पहिला प्रश्न त्याच्या दिवसाबद्दल विचारा.

भेटायला दवाखान्यात न्यावं का? घाबरेल ना?

न नेल्यावर जास्त घाबरतो, कारण मनातलं चित्र प्रत्यक्षापेक्षा भयंकर असतं. फक्त आधी सांगा, आणि बारकाईने सांगा: हाताला नळी असेल, नाकाला कदाचित दुसरी, यंत्र मधूनमधून वाजेल आणि त्याचा अर्थ दर वेळी धोका असा नसतो, केस गेलेले असतील. आदल्या दिवशीचा फोटो दाखवता आला तर उत्तम. करायला काहीतरी द्या, एखादा पत्त्यांचा कॅटसुद्धा चालेल. भेट छोटी ठेवा. दारातून 'मला नाही जायचं' म्हणाला तर जबरदस्ती नाही, आणि त्याबद्दल नंतर टोमणाही नाही.

आजारी मुलाची किती जबाबदारी भावंडावर टाकावी?

मदत चालेल. पहारा नको.

दहा वर्षांच्या मुलीला मधुमेह असलेल्या भावाचं ग्लुकोज कुठे ठेवलंय हे माहीत असावं आणि तो थरथरायला, घामेघूम व्हायला लागला तर कोणाला हाक मारायची हेही. पण रात्री उठून त्याची साखर बघणं तिचं काम नाही. अपस्माराचा झटका आल्यावर काय करायचं ते मुलांना नक्की शिकवा: कुशीवर वळवायचं, आजूबाजूच्या टोकदार वस्तू बाजूला करायच्या, तोंडात काहीही घालायचं नाही, दाबून धरायचं नाही, घड्याळ बघायचं, मोठ्यांना बोलवायचं. झटका पाच मिनिटांच्या वर गेला तर तातडीची वैद्यकीय मदत. हे शिकवल्याने मुलांची भीती कमी होते, कारण काय करायचं ते माहीत असतं. 'तू घरी आहेस ना, मग लक्ष ठेव' असं म्हणून निघून गेल्याने मात्र ती वाढते. मग मूल खेळायला जात नाही, मैत्रिणीकडे राहायला जात नाही, परीक्षेत बसून घरचा विचार करतं.

प्रसंग घडून गेल्यावर सगळे आजारी मुलाभोवती जमतात. ज्या मुलीने हाक मारली ती कोपऱ्यात उभी असते. रात्री तिच्याकडे जा. 'तू घाबरली होतीस का?' आणि मग 'तू योग्य केलंस.' या क्रमाने.

एक खूणगाठ: ते काम मुलाने आज केलं नाही तर आजारी भावंडाच्या जिवाला काही होईल का? होणार असेल, तर ते काम मोठ्या माणसाचं.

आजारी भावंडाला अस्थिमज्जा (हाडांतला रक्त तयार करणारा मगज) देण्यासाठी धाकट्याची तपासणी करायची आहे. त्याच्याशी काय बोलावं?

सख्ख्या भावंडाशी पूर्ण जुळण्याची शक्यता २५ टक्के असते. म्हणजे न जुळणं हेच जास्त शक्य, आणि हे त्याला तपासणीच्या आधी कळलं पाहिजे, नाहीतर 'माझं रक्त चुकीचं निघालं' असं तो म्हणत बसतो. जुळलं, तर काय होणार, कुठे दुखणार, काढलेली मज्जा शरीर पुन्हा तयार करतं, हे सगळं सांगा. 'तू त्याचा जीव वाचवणार' असं कुणीही, आजीआजोबांनीही, म्हणू नये. वाक्य प्रेमाचं आहे. पण प्रत्यारोपण यशस्वी झालं नाही तर तेच वाक्य उलटून त्याच्या अंगावर येतं. 'तू मज्जा दिलीस, ते तुझं काम पूर्ण झालं. पुढे काय होतं ते मज्जेवर आणि औषधांवर.' अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडिॲट्रिक्सने २०१० मध्ये यावर भूमिका मांडताना, देणाऱ्या मुलाचं हित पाहायला उपचार करणाऱ्या चमूबाहेरचा एक स्वतंत्र माणूस असावा असं सुचवलं. तुमच्या रुग्णालयात तशी सोय आहे का, विचारा. नसेल तर निदान देणाऱ्याचे आणि घेणाऱ्याचे डॉक्टर वेगळे असावेत असा आग्रह धरा.

आजारी मुलाला आम्ही रागवत नाही. दुसरा म्हणतो हा अन्याय आहे.

आहेच. आजारामुळे जे जमत नाही त्याला सूट द्या, उरलेल्याला नको. केमोथेरपीच्या आठवड्यात खोली आवरणं माफ. बहिणीला शिवी देणं कोणत्याच आठवड्यात माफ नाही. गंमत म्हणजे आजारी मुलांनाही हे हवं असतं. सगळं माफ झालं की त्यांना वाटतं, आपलं काही खरं नाही.

घरी येणारा प्रत्येक जण फक्त त्याचीच चौकशी करतो.

येणाऱ्यांना दारातच सांगा: आधी दुसऱ्या मुलाशी बोला, मग आत या. खेळणं आणलं तर दोघांसाठी, नाहीतर कोणासाठीच नाही. आजीआजोबा, तुम्ही हे वाचत असाल तर: नातीला 'दादा कसा आहे?' असं विचारू नका. ते आईबाबांना विचारा. तिला तिचं विचारा.

शाळेत सांगावं का?

हो, पण मुलाला विचारून. एका शिक्षकांना माहीत असलं तरी पुरतं. सगळ्या वर्गासमोर सहानुभूती नको, एवढं त्यांना आवर्जून सांगा.

मी १५ वर्षांची आहे. भाऊ लहानपणापासून आजारी आहे. मला कधीकधी वाटतं मी घरातच नाही. हे आईला कसं सांगू? तिला आधीच खूप आहे.

तू हे लिहिलंस, यातच निम्मं सांगून झालंय. आई दमलेली आहे हे खरं. पण तिला काय पेलेल आणि काय नाही, हे तू परस्पर ठरवून टाकलंयस. ते तिला ठरवू दे.

समोरासमोर जमत नसेल तर लिहून दे. 'तुम्ही मला वेळ देत नाही' असं लिहिलंस तर ती आधी स्वतःची बाजू मांडेल, माणसाचा स्वभावच तो. त्याऐवजी एक घडलेली गोष्ट आणि एक मागणी लिही: 'माझ्या स्पर्धेच्या दिवशी कोणी आलं नाही तेव्हा मी बसमध्ये रडले. पुढच्या वेळी तुमच्यापैकी एक जण आलेलं मला हवंय.' तरीही काही हललं नाही, तर मावशी, काका, शिक्षक, शाळेतले समुपदेशक, जो तुझं ऐकून घेतो त्याला सांग. भावावर प्रेम असणं आणि त्याच्या आजाराला कंटाळणं, दोन्ही एकाच वेळी खरं असतं. आणि स्वतःला इजा करावीशी किंवा जगू नये असं वाटत असेल, तर थांबू नकोस, कुणाला त्रास होईल याचा विचार करू नकोस. आजच्या आज एका मोठ्या माणसाला सांग.

आमच्यानंतर याचं कोण बघणार, हा प्रश्न मोठ्या मुलासमोर काढावा का?

तो त्याच्या डोक्यात कधीचाच आहे. कोणतं शिक्षण घ्यायचं, किती लांब जायचं, लग्न करायचं का, हे सगळं ती मुलं त्या एका प्रश्नाभोवती ठरवत असतात, आणि आईबाबांना वाटतं त्याला काही माहीत नाही. आर्थिक सोय, कायदेशीर पालकत्व, राहण्याची व्यवस्था यांचा आराखडा करा, आणि पंधरा-सोळा वर्षांपासून त्याला दाखवत चला. 'तूच बघशील ना?' असा प्रश्न विचारू नका. त्याला नकार देता येत नाही. 'तुला यात किती वाटा घ्यावासा वाटतो? शून्य असला तरी चालेल' असं विचारा. आणि खरंच चालणार असेल तरच विचारा.

या सगळ्यातून चांगलं काहीच निघत नाही का?

निघतं. दुसऱ्याचं दुखणं ओळखणं, वाट बघता येणं, सहनशक्ती. पण ते त्यांना मोठं झाल्यावर स्वतः म्हणू द्या. दहा वर्षांच्या मुलाला 'तू यातून किती शिकतोयस' असं सांगणं म्हणजे बिल हातात देऊन जेवण कसं होतं ते विचारणं.

तज्ज्ञांकडे कधी न्यावं? भावंडांसाठी काही गट असतात का?

दोन-तीन आठवडे टिकणारी उदासी, झोप किंवा भूक बदलणं, शाळा टाळणं, मित्र तुटणं, अचानक गुण घसरणं, मोठ्या मुलाने पुन्हा बिछाना ओला करणं. किंवा उलट, गुण अचानक फार वाढणं आणि एका मार्काने हादरून जाणं. हे शेवटचं कोणी धोक्यात मोजत नाही, मी मोजते. मरणाची किंवा स्वतःला इजा करण्याची भाषा आली तर आठवडे मोजत बसू नका, त्याच दिवशी.

गट असतात. अमेरिकेत डॉन मेयर यांनी सुरू केलेल्या 'सिबशॉप' या कार्यशाळा जगात अनेक ठिकाणी चालतात. त्यात खेळ जास्त आणि बोलणं कमी, पण जे बोलणं होतं ते फक्त भावंडांचं. ब्रिटनमध्ये २००१ पासून 'सिब्स' ही संस्था याच कामासाठी आहे. तुमच्याजवळ काही नसेल तर बाह्यरुग्ण विभागात तुमच्यासारखंच बसलेलं दुसरं कुटुंब शोधा आणि दोघांच्या 'दुसऱ्या' मुलांना एकत्र खेळू द्या. काही समजावून न सांगता ज्याला सगळं माहीत आहे असा मित्र, एवढाच त्या गटाचा गाभा आहे.

उपचार संपले, घर स्थिरावलं, आणि आता मोठा बिघडलाय. आता का?

कारण आता परवानगी मिळाली. रक्ताच्या कर्करोगाचे उपचार दोन-अडीच वर्षंही चालतात. तेवढा काळ मुलाने श्वास रोखून धरलेला असतो. घर सुरक्षित झालं असं वाटलं की तो सोडतो, आणि तो सोडताना आदळआपट होते. पालक मोडून पडतात, 'आता कुठे सुटलो होतो.' दिसायला हा दुष्काळातला तेरावा महिना, पण मला हे लक्षण चांगलं वाटतं: आता आपल्याला ऐकून घ्यायला घरात कुणीतरी मोकळं आहे, हा विश्वास त्याला वाटू लागलाय. शिस्त लावाच, पण शिस्तीच्या आधी त्या दोन वर्षांबद्दल त्याला बोलू द्या.

मुलगी आता २० वर्षांची आहे. आम्ही तेव्हा लक्ष दिलं नाही. आता उशीर झाला का?

नाही. पण 'आमचं काही चुकलं असेल तर माफ कर' असं म्हणू नका, त्या 'असेल तर'मध्ये सगळं वाहून जातं. एक नेमका प्रसंग उचला. तुम्हाला आठवत नसेल तर तिला विचारा, तिला तारखेसह आठवत असेल. ती सांगेल तेव्हा कारणं देऊ नका, दवाखाना, पैसे, परिस्थिती, काही नाही. ते सगळं तिला माहीत आहे. ती तिथेच होती.

माझी आई सत्तर वर्षांची असताना एकदा फोनवर म्हणाली, 'तुला फळा दिसत नव्हता आणि मला कळलं नाही.' मी म्हटलं, जाऊ दे गं. ती म्हणाली, 'नको, जाऊ नको देऊ. कुठल्या बाकावर बसायचीस ते सांग.' मग मी सांगितलं.